माँटेसरी, पालक आणि आपली मुले

‘माँटेसरी’ हे एका इटालियन डॉक्टर बाईचे आडनाव आहे, हे मराठी माणूस केव्हाच विसरला. मुलाला ‘माँटेसरीत घातले’ असे म्हटले की दप्तर, डबा, रिक्षा आणि दोन-चार इंग्रजी बालगीते एवढेच डोळ्यांपुढे येते. या नावावर कोणाची मालकी नाही. कोणीही उठावे, तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात आणि पाटी लावावी. अलीकडे या नावाला एक नवी जोड मिळाली आहे, ती म्हणजे पालकांनी स्वतः चालवलेली माँटेसरी. काही सुशिक्षित आईबाप एकत्र येतात, प्रचलित शाळेची घोकंपट्टी आणि परीक्षा नाकारतात, एखादी प्रशिक्षित ताई नेमतात आणि उरलेली कामे आळीपाळीने वाटून घेतात. मुलाने आपल्या गतीने, आपल्या हाताने शिकावे आणि मोठ्यांनी मध्ये मध्ये करू नये, ही त्यामागची भूमिका.

या भूमिकेची थट्टा करण्याचे आपल्याला कारण नाही. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना शाळेने छडी, शिवी आणि कोपरा यांपलीकडे फारसे काही दिले नाही, त्यांनी तरी मुलाच्या स्वातंत्र्याची भाषा परकी मानू नये. परंतु आपली चळवळ या वयाच्या मुलाकडे कधी नीट वळलीच नाही, हे मान्य केले पाहिजे. आपण वसतिगृहे काढली, महाविद्यालये काढली, शिष्यवृत्त्यांसाठी मोर्चे काढले. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. त्या काळाची ती निकडच होती. तीन ते सहा वर्षांचे मूल मात्र आपण आजीच्या स्वाधीन, नाही तर सरकारच्या स्वाधीन केले. त्यामुळे त्या वयाविषयीचा सगळा विचार दुसऱ्यांनी केला आणि तो आपल्यापर्यंत आला तेव्हा तयार होऊनच आला. त्याची चिकित्सा आता तरी व्हायला हवी. ती करताना माझ्यापुढे मुख्य प्रश्न एकच आहे. ‘पालकांची शाळा’ म्हणतात, त्यातला पालक कोण?

आरंभ रोमपासून केला पाहिजे, कारण तिथल्या गोष्टी इथे फार अर्धवट सांगितल्या जातात. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरीने पहिले बालगृह उघडले. ती श्रीमंतांची शाळा नव्हती. एका बांधकाम कंपनीने त्या वस्तीतल्या मोडकळीला आलेल्या चाळी घेऊन दुरुस्त केल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर असत, मागे राहिलेली पोरे जिने आणि भिंती खराब करीत; त्यांना कुठेतरी सांभाळायला हवे, म्हणून कंपनीने एक खोली दिली. म्हणजे जगभर गाजलेल्या या शिक्षणपद्धतीचा जन्म घरमालकाच्या दुरुस्तीखर्चातून झाला आहे! माँटेसरीने हे लपवलेले नाही. दुरुस्तीचा जो पैसा वाचतो त्यातूनच शाळेचा खर्च निघतो, म्हणून ही शाळा भाडेकरूंची सामाईक मालमत्ता आहे, असा युक्तिवाद तिने आपल्या भाषणात केला. १९०९ साली निघालेल्या तिच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात हे भाषण आहे. शाळा घरातच असावी, आईने जाता-येता आत डोकावावे, शाळा तिला आपली वाटावी, हा विचार आजच्या पालकशाळांचा मूळपुरुष म्हणता येईल.

त्याच ग्रंथात बालगृहाचे नियमही छापले आहेत. आमच्या शिक्षकमित्रांनी ते एकदा मुळातून वाचावेत. आईने मूल ठरल्या वेळी, स्वच्छ अंगाने आणि स्वच्छ कपड्यांत पाठवले पाहिजे. आठवड्यातून एकदा तिने बाईंना भेटले पाहिजे. बाईंशी आदराने वागले पाहिजे. आणि जे मूल न धुतलेले किंवा मळक्या कपड्यांत येईल, ज्याचे वर्तन सुधारणार नाही, ज्याचे आईबाप बाईंचा मान राखणार नाहीत, ते काढून टाकले जाईल.

हे नियम वाचताना अंगावर काटा येतो. नियम दुष्ट बुद्धीने केले असतील असे नाही. क्षय आणि विषमज्वराने भरलेल्या वस्तीत एका डॉक्टर बाईने स्वच्छतेचा आग्रह धरावा हे समजण्याजोगे आहे. पण मालकी कोणाची आणि कर्तव्य कोणाचे, हे पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. मालकी भाडेकरूंची म्हणायची. जागा कंपनीची, नियम कंपनीचे आणि बाईंचे, आणि पाळायचे तेवढे आईने. अशी मालकी आपल्याला नवीन नाही. गावात आपणही मालकच होतो, वतनदार होतो! वतन म्हणून जे होते ते गावाचे ओझे होते. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध आयुष्यभर जो झगडा दिला तो अशाच मालकीविरुद्ध होता.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. रोममध्ये ‘मळके’ म्हणजे न धुतलेले. आमच्याकडे धुऊनही मळ जात नाही, कारण तो अंगावर नसतो, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. स्वच्छता ही प्रवेशाची अट झाली की भारतात ती जातीची अट होते. आणि हे कोणी मुद्दाम करावे लागत नाही. ‘मुले नीटनेटकी असावीत’, ‘घरचे वातावरण अनुकूल असावे’, ‘पालकांनी सहभाग घेतला पाहिजे’ अशी निर्दोष वाक्ये पुरेशी असतात. जात हा शब्द उच्चारावा लागत नाही. मुलाखतीला आलेल्या आईची साडी, तिची बोली, तिचा पत्ता एवढ्यावर काम भागते.

आता या पद्धतीच्या गाभ्याकडे वळू. दट्टापेटी, गुलाबी मनोरा, खरकागदाची अक्षरे ही साधने सर्वांना माहीत आहेत. मनोऱ्यात १० ठोकळे, सर्वांत लहान १ सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा १० सेंटिमीटरचा. मूल ते एकावर एक रचते, चूक झाली तर मनोराच ती दाखवतो, बाईंना बोलावे लागत नाही. चूक दाखवण्याचा अधिकार माणसाकडून काढून वस्तूकडे दिला, ही माँटेसरीची फार मोठी कामगिरी आहे. ज्या मुलाची चूक ‘तुमच्या जातीला हे यायचेच नाही’ या शब्दांत दाखवली गेली त्यालाच या कामगिरीची खरी किंमत कळेल. ठोकळ्याला जात कळत नाही.

परंतु साधनांच्याही आधी येतात ते जीवनव्यवहाराचे पाठ. झाडू मारणे, फडक्याने पुसणे, भांडी विसळणे, एका तांब्यातून दुसऱ्या तांब्यात पाणी न सांडता ओतणे. माँटेसरीच्या दृष्टीने हे हाताला वळण लावणारे, मनाला एकाग्र करणारे, मुलाला स्वावलंबी करणारे काम आहे. तिची दृष्टी युरोपीय आहे. युरोपात झाडू हा झाडू असतो. आमच्याकडे झाडू हे एक सामाजिक स्थान आहे, आणि पाणी ओतणे हा एक अधिकार आहे. साताऱ्याच्या शाळेत बालवयातल्या भीमरावाला गोणपाटाचा तुकडा घरून आणून वेगळे बसावे लागे, आणि तहान लागली तर शिपायाने नळ उघडून दिल्याखेरीज पाणी मिळत नसे; शिपाई नसेल तर पाणी नाही. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. या मुलाला कोणी तांब्यातून तांब्यात पाणी ओतण्याचा पाठ दिला असता तर? तो पाठ हाताच्या स्नायूंचा राहिला नसता. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला जे झाले त्याचीच ती बालवर्गातली आवृत्ती ठरली असती.

झाडूचेही तसेच. याच रत्नागिरी तालुक्यात वाढलेल्या उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनातला प्रसंग कार्यकर्त्यांना आठवत असेल. शाळेच्या आवारात पडलेले शेण उचलायला गुरुजींनी या मुलीला सांगितले. तिने ते केले नाही म्हणून मार बसला. वडील वारलेले. आई बांबूची आयदाने विणून घर चालवणारी. त्या आईने गुरुजींना गाठून खडसावले. समीक्षकांनी या प्रसंगाकडे दलित स्त्रीच्या धैर्याचा नमुना म्हणून पाहिले आहे, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती रत्नागिरी जिल्ह्यातली एक पालकसभा होती. सभेला एकच पालक हजर होती, तिला लिहिता-वाचता येत नव्हते, सभेची नोंद कुठल्या इतिवृत्तात झाली नाही. पण शाळेत कोणी कोणते काम करायचे हा शिक्षणशास्त्रातला मूलभूत प्रश्न तिने विचारला होता. बालशिक्षणावरच्या मराठी ग्रंथांत ‘पालकांचा सहभाग’ या शीर्षकाखाली हा प्रसंग कोणी घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

म्हणून शाळेत झाडू मारण्याचा पाठ असावा की नसावा, हा प्रश्न तत्त्वात सोडवता येत नाही. झाडू कोणाच्या हातात, एवढेच पाहावे लागते. वर्गातले प्रत्येक मूल पाळीपाळीने झाडत असेल, बागवाल्या घरातला मुलगा संडासाची फरशी पुसत असेल आणि बौद्धवाडीतली मुलगी सर्वांना पाणी वाढत असेल, आणि ते सर्व पीत असतील, तर माँटेसरीचा हा साधा पाठ भारतात क्रांतिकारक होतो. तिला स्वतःला अभिप्रेत नव्हता इतका. परंतु ज्या वर्गात बौद्धवाडीतली मुलगीच नाही, तिथे हाच पाठ एक गोड नाटक होऊन बसतो. घरी मोलकरीण झाडते आणि शाळेत बाळ झाडते. बाळाच्या झाडण्याचे कौतुक होते, मोलकरणीच्या मुलीला त्या शाळेचे फाटक माहीत नसते.

इथे इतिहासाची एक दुरुस्ती केली पाहिजे. संघटित पालकत्व ही अलीकडच्या शहरी मध्यमवर्गाची देणगी आहे, असे समजले जाते. ते खोटे आहे. याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीला, १८९० च्या दशकाच्या आरंभी लष्करातून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांनी नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केले, वरिष्ठांकडे दाद मागितली, पिच्छा सोडला नाही. गोपाळबाबा वलंगकर हे त्याच दापोलीच्या पेन्शनरांतले. मुलांच्या वाट्याला आली ती शाळेची पडवी. आत वर्ग चाललेला, बाहेर पडवीत ही मुले. तरीही त्यांच्या बापांनी मुले काढून घेतली नाहीत, पडवीवरून शिकवले. ‘प्रचलित शाळा आम्हाला मान्य नाही’ असे म्हणून बाहेर पडणारा पालक एक, आणि ‘ही शाळा आमचीही आहे’ असे म्हणून पडवीत मूल बसवणारा पालक दुसरा. दोघेही शाळेवर टीकाच करीत असतात. पण पहिल्याला बाहेर पडल्यावर जायला जागा असते.

या दोन पालकांच्या मधोमध बोर्डीचा प्रयोग येतो. त्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण मराठी माँटेसरीचा तो सर्वांत प्रामाणिक अध्याय आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. शहरांतून बालमंदिरे निघाली, आणि ती पांढरपेशांची झाली. ताराबाईंना हे डाचत होते. १९४५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. (तो भाग आज पालघर जिल्ह्यात आहे.) बालविधवा असलेल्या अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. परदेशी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने, माती आणि बांबू आले. रोममध्ये न धुतलेले मूल काढून टाकायचे होते. बोर्डीत त्याला न्हाऊमाखू घालणे हाच शाळेचा पहिला तास झाला. हा फरक लहान नाही. ब्राह्मण घरांत वाढलेल्या दोन स्त्रियांनी त्या काळी त्या मुलांची डोकी धुतली, याचे मोल आपण नाकारले तर आपली समीक्षा कोती ठरेल.

मग बोर्डीत एक अडचण आली. हरिजनवस्तीतली मुले मध्यवर्ती बालवाडीत येईनात. (‘हरिजन’ हा शब्द त्यांचा आहे, आपला नाही.) तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. कोणाच्या तरी घरापुढच्या सारवलेल्या अंगणात मुले जमवायची आणि तिथेच खेळ, गाणी, गोष्टी, साधने. ही अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि हा शब्द देशभर गेला. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. तामिळ, बंगाली, ओडिया मुलखातली माणसेही हा शब्द वापरतात. आणि त्याच्या जन्मखुणेत आमची वस्ती आहे, हे आमच्याच कार्यकर्त्यांना माहीत नसते.

शाळा मुलाकडे गेली, हे क्रांतिकारक आहे यात शंका नाही. दापोलीच्या पडवीनंतर अर्ध्या शतकाने पडवीवरच्या मुलाकडे कोणीतरी चालत आले. पण मूल शाळेत का येत नव्हते, या प्रश्नाचे पुढे काय झाले? शाळा अंगणात आली की तो प्रश्न विचारण्याची निकड संपली. गावातली मुले गावातल्या बालवाडीत, वस्तीतली मुले वस्तीतल्या अंगणात. दोन्हीकडे तीच गाणी, तीच साधने, तेच प्रेम. शिक्षण समान झाले, सहवास झाला नाही. आणि त्या वयात सहवास हेच शिक्षण असते, असे तर माँटेसरीच सांगते. शिवाय त्या अंगणाच्या मालकिणीचे काय? तिने अंगण दिले, सारवले, मुले दिली. शाळेचा वेळ, शाळेचे गाणे, शाळेची बाई यांविषयी तिचे मत काय होते? बोर्डी-कोसबाडच्या लेखनात शिक्षिकेचा आवाज ठणठणीत आहे, मुलाचेही निरीक्षण बारकाईने केले आहे. आईबाप मात्र बहुधा समजूत घालण्याचा विषय म्हणून येतात. सेवेच्या वाङ्मयाचा हा स्वभावच आहे. ज्याची सेवा करायची तो बोलत नाही.

१९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी झालेले काम या दृष्टीने एक पाऊल पुढे गेले असे मला वाटते. मोठी मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तीच विकासवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. इथे घराची अर्थव्यवस्था हा शाळेच्या आखणीचा पाया झाला. पालक अजूनही कारभारी नव्हताच. पण त्याची अडचण निदान वेळापत्रकात शिरली.

माँटेसरी स्वतः १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये मद्रासजवळ अड्यारला आली, युद्धामुळे अडकली आणि मधला थोडा काळ सोडला तर १९४९ पर्यंत भारतातच राहिली. तिचा शेवटचा मोठा ग्रंथ अहमदाबादला दिलेल्या व्याख्यानांतून तयार झाला. पहिल्या सहा वर्षांत मूल भोवतालचे सगळे स्पंजासारखे टिपून घेते, हा त्याचा सिद्धांत. मराठीत अशा मनाला ‘ग्रहणशील’ म्हणतात. ‘शोषक’ म्हणावे तर आपल्या चळवळीत भलताच अर्थ होतो. (तोही अगदीच चुकीचा होणार नाही म्हणा.) भारतीयांच्या मनात प्राणिमात्रांविषयी जो आदर आहे तो बालपणीच मुरतो, प्रौढपणी शिकवून येत नाही, असे उदाहरण तिने त्यात दिले आहे. ठीक आहे. त्याच न्यायाने कोणाच्या हातचे पाणी प्यायचे नाही, कोणाच्या घरी गेल्यावर दाराबाहेर उभे राहायचे, कोणाला एकेरी हाक मारायची, हेही त्याच सहा वर्षांत मुरते. गाईविषयीचा आदर आणि माणसाविषयीची शिसारी एकाच दुधातून पाजली जाते. जो शिक्षणविचार पहिल्या सहा वर्षांना एवढे महत्त्व देतो, त्याने भारतात जातीचा प्रश्न परिशिष्टात टाकता कामा नये; तो पहिल्या प्रकरणात आला पाहिजे. इथल्या पालकशाळांच्या तोंडी ‘आमच्याकडे मुलांना जात माहीतच नसते’ हे वाक्य असते. एकाच जातीच्या, फार तर दोन-तीन जातींच्या मुलांना जात माहीत नसणे साहजिक आहे. मासळीला पाणी कुठे माहीत असते?

आता मिरजोळ्यासारखे गाव डोळ्यांपुढे आणू. रत्नागिरी शहराला चिकटलेले, औद्योगिक वसाहत हद्दीत असलेले. कोकणातले गाव म्हणजे वाड्यांचा समूह. कोणती वाडी रस्त्याला, कोणती उतारावर, कोणती पऱ्ह्यापलीकडे, हे जातीवर ठरलेले. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० च्या डिसेंबरात घेतला. पाट्या बदलतील, पऱ्ह्या जागचा हलत नाही. अशा गावात पालकांनी चालवलेली माँटेसरी निघाली, तर सकाळी अकरा वाजता शाळेत जाऊन मुलांना गोष्ट सांगण्याची पाळी कोण घेणार? मासळीच्या कारखान्यात पाळीवर जाणारी आई? तिला ‘पाळी’ म्हटले की एकच पाळी माहीत, आणि ती चुकली तर रोज बुडतो. पालकांचा सहभाग हा फीसारखाच असतो. तो वेळेच्या नाण्यात वसूल केला जातो, आणि हे नाणे ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी सवलत ठेवलेली नसते. फी माफ करणाऱ्या शाळा आहेत. पाळी माफ करून मताचा अधिकार कायम ठेवणारी शाळा मी अद्याप पाहिलेली नाही.

आणि गंमत अशी की ज्या शाळेचा कारभार कायद्यानेच पालकांकडे दिला आहे, ती गावात आधीपासून आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदानाच्या विनियोगावर नजर ठेवणे हे समितीचे काम. रोमच्या भाडेकरूंना जे मिळाले नाही, बोर्डीच्या अंगणवालीला जे कोणी विचारले नाही, ते जिल्हा परिषदेच्या शाळेत कागदावर आहे. प्रत्यक्षात काय होते हे शिक्षकवाचकांना सांगायला नको. सभेचे इतिवृत्त तयार असते, सही करायला घरी माणूस येतो. बौद्धवाडीतली सदस्य बाई नावाला असते. आणि ज्या सुशिक्षित पालकांनी त्या सभेत बसून प्रश्न विचारले असते, ते आपली वेगळी शाळा काढून तिकडे गेलेले असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरतो, आणि कमी पटाची शाळा दुसऱ्या शाळेत मिसळण्याची भाषा सुरू होते. कोकणातल्या डोंगराळ वाड्यांना ही भाषा चांगली ओळखीची आहे.

खाजगी शाळेत २५ टक्के जागा वंचित मुलांना देणारे कलम १२ त्याच कायद्यात आहे. त्याची कथा तर ताजी आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे करणारा नियम महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द ठरवला. पण ज्या वयाविषयी आपण बोलत आहोत ते वय या झगड्याच्याही बरेचसे बाहेर राहते. कायद्याचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. माँटेसरीच्या म्हणण्याप्रमाणे तोवर महत्त्वाचे सगळे होऊन गेलेले असते.

याहून वेगळे काही होऊ शकते काय? होऊ शकते. फलटणला मॅक्सिन बर्नसन या जन्माने अमेरिकन असलेल्या विदुषीने दलित वस्तीतल्या, शाळेत मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून सुरुवात केली, आणि त्यातूनच १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. ती माँटेसरीही नाही आणि पालकांची सहकारी शाळाही नाही. पण वेगवेगळ्या थरांतली मुले एका वर्गात असली पाहिजेत, हा तिचा आरंभापासूनचा हट्ट आहे. तिथे प्रयोगशीलता मुलांच्या निवडीतून सुरू झाली, साधनांतून नव्हे. हा क्रम महत्त्वाचा आहे. साधने मागाहून आणता येतात. एकदा एकरंगी झालेला वर्ग मागाहून मिसळता येत नाही; मग शिष्यवृत्तीवर आणलेले एखादे दलित मूल त्या वर्गात पाहुण्यासारखे वावरते.

मुंबई विधिमंडळात १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोचतात आणि ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत शिरलेले प्रत्येक मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, ही त्यांची कसोटी होती. महाडच्या चवदार तळ्यावरचा सत्याग्रह त्यानंतर आठ दिवसांनी झाला. कोणतीही बालशिक्षणाची पद्धत आपण याच कसोटीवर घासावी. मूल रमते काय, हे पाहावेच. पण ते टिकते काय, आणि कोणाचे टिकते, हे आधी पाहावे. खरकागदाच्या अक्षरावरून बोट फिरवत अक्षराचा उच्चार शिकणारे मूल सहाव्या वर्षाच्या आत लिहू लागते, हे खरे असेल, आणि मला ते खरे वाटते, तर ही रीत सर्वांत आधी ज्या घरात पाटी-पुस्तक नाही त्या घरातल्या मुलाला मिळाली पाहिजे. आज ती त्याला सर्वांत शेवटी मिळते. गांधीजींनी १९३१ साली लंडनमध्ये माँटेसरीच्या प्रशिक्षणसंस्थेत बोलताना, हे शिक्षण कंगालांच्या मुलांपर्यंतही जावे अशी आशा व्यक्त केली होती. आशेला आता नव्वदहून अधिक वर्षे झाली.

साधनांच्या खर्चाची सबब फार सांगितली जाते. ती बोर्डीच्या शिंपल्यांनीच निकालात काढली. कोकणात तर आपल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या टोपल्या, सुपल्या, रोवळ्या विणत आल्या. एकात एक बसणाऱ्या टोपल्यांची उतरंड म्हणजे दुसरा गुलाबी मनोराच. पण इथेही सावध राहिले पाहिजे. उद्या कोणी उत्साही पालक म्हणेल, बौद्धवाडीतल्या आजीला बोलवा, तिला शाळेत विणायला बसवा, मुलांना हस्तकला कळेल. आजी येईल, विणील, छायाचित्र निघेल. जे काम तिच्यावर जातीने लादले ते तिने शाळेत कला म्हणून करून दाखवायचे, आणि कारभाराच्या सभेला मात्र तिला बोलावणे नाही! आजीला बोलवायचे असेल तर आधी सभेला बोलवा. टोपल्यांचे माप कसे ठरते, कामटी किती जाड काढायची, हे गणित ती सांगेल. आणि विणायला कोणी बसायचे हे तीच ठरवील. कदाचित ती म्हणेल, आमच्या पोरीने नाही विणायचे, तुमच्या पोराने विणावे.

कोकणातल्या आपल्या वाड्यांना स्वतःची संस्था चालवण्याची सवय नाही, असेही कोणी म्हणू नये. गावोगावच्या बौद्धजन मंडळांनी आणि त्यांच्या मुंबईच्या शाखांनी गिरणीकामगारांच्या, शिपायांच्या, सफाई कामगारांच्या पगारातून वर्गणी काढून विहारे आणि समाजमंदिरे बांधली. हिशेब वाचला जातो, भांडणे होतात, पावत्या फाडल्या जातात, जयंतीला सगळे येतात. उरलेले बहुतेक दिवस त्या खोलीला कुलूप असते. त्याच वाडीतली तीन-चार वर्षांची दहा-बारा मुले दुसऱ्या वाडीतल्या अंगणवाडीत खाऊच्या वेळेपुरती जातात किंवा जातही नाहीत. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे वाडीत सर्वांना ठाऊक असते. ते उघडून तिथे बालवाडी बसवली तर पहिल्याच सभेत दोन ठराव करावे लागतील. एक, शेजारच्या कुणबीवाडीतली आणि मोहल्ल्यातली मुलेही इथेच बसतील, त्यांच्या आयांना जाऊन सांगायचे. दुसरा, माठ दारात ठेवायचा आणि पाणी मुलांनीच एकमेकांना द्यायचे. पहिल्या ठरावावर वाद होईल, वाडीतलेच लोक वाद घालतील, आणि तो वाद सभेत मोकळेपणी झाला तर बरेच होईल.